कॅसेट मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रकांचे समकालन

कॅसेट मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रकांचे समकालन म्हणजे कॅसेटच्या फितीवर एकाहून अधिक ट्रॅक मुद्रित करणारी दोन किंवा अधिक यंत्रे एकाच वेगाने आणि गाण्यातील एकाच स्थानावर चालत राहतील अशी व्यवस्था करणे. व्यवहारात यालाच नुसते 'सिंक' म्हणतात. १९७९ नंतर घरच्या घरी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण शक्य झाले. पण एका कॅसेटवरील चार ट्रॅक लवकरच अपुरे वाटू लागले आणि दुसरे यंत्र जोडण्याचा विचार पुढे आला. दोन यंत्रे एकाच क्षणी सुरू करणे म्हणजे समकालन नव्हे. सुरू झाल्यानंतरही ती एकमेकांसोबत राहावी लागतात, आणि कॅसेट यंत्रे आपणहून तशी राहत नाहीत. म्हणून बहुतेक पद्धतींत प्रत्येक कॅसेटवरील एक ट्रॅक संगीताऐवजी समकालनाच्या संकेतासाठी खर्ची घालावा लागतो.

## पार्श्वभूमी

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कॅसेट प्रथम मांडली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. स्टिरिओ कॅसेटमध्ये या अरुंद फितीवर चार ट्रॅक असतात: दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. कॅसेट उलटी केली की फीत विरुद्ध दिशेने धावते आणि उरलेले दोन ट्रॅक वाचले जातात.

जपानच्या टीॲक कंपनीच्या टॅस्कॅम विभागाने १९७९ मध्ये बाजारात आणलेल्या 'पोर्टास्टुडिओ १४४' या यंत्राने हीच मांडणी वेगळ्या रीतीने वापरली. त्यात चारही ट्रॅक एकाच दिशेने मुद्रित करता येत. आवाजाची प्रत सुधारण्यासाठी फितीचा वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर ठेवला होता. यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटांचे संगीत मावते आणि दुसरी बाजू उरतच नाही. यंत्रातच छोटा मिक्सर असल्याने मायक्रोफोन, एक कॅसेट आणि हेडफोन एवढ्यावर काम सुरू करता येई. पुढच्या '२४४' या यंत्रात डॉल्बीऐवजी डीबीएक्स ही फितीची खरखर कमी करणारी पद्धत आली. फॉस्टेक्सचे 'एक्स-१५' (१९८३) आणि यामाहाची यंत्रे याच कुळातील होत. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचा 'नेब्रास्का' (१९८२) हा संग्रह टीॲक १४४ वर घरी केलेल्या मुद्रणांतून तयार झाला. स्टुडिओत गाण्यापूर्वीचे कच्चे खर्डे म्हणून केलेली ही मुद्रणेच शेवटी प्रकाशित झाली.

एका फितीवरील चार ट्रॅकना आपसांत समकालनाची गरज नसते, कारण ते एकाच फितीवर शेजारी शेजारी असतात. फीत अडखळली तर चारही एकत्र अडखळतात. एक ट्रॅक ऐकत असताना दुसऱ्यावर मुद्रण करणे, म्हणजे ओव्हरडबिंग, यामुळेच सोपे होते. प्रश्न उभा राहतो तो दुसरी फीत आल्यावर.

हा प्रश्न कॅसेटच्या आधीचा आहे. लंडनमधील ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत फेब्रुवारी १९६७ मध्ये बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात वाद्यवृंदाची भर घालायची होती आणि चार ट्रॅकची फीत भरली होती. अभियंता केन टाउनसेंड यांनी पहिल्या यंत्राच्या एका ट्रॅकवर ५० हर्ट्‌झचा स्थिर संकेत मुद्रित केला. तो वाचून, वर्धित करून, त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटार चालवली. पहिले यंत्र किंचित मंदावले की संकेतही मंदावे आणि दुसरे यंत्र आपोआप तितकेच मंदावे. दोन्ही यंत्रे सुरू मात्र फितीवरच्या खुणा पाहून हातानेच करावी लागत. वेग बांधला गेला होता, स्थान बांधले गेले नव्हते. समकालनाच्या कोणत्याही पद्धतीचे मूल्यमापन करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे उपयोगी पडते.

## यंत्रे एकमेकांना का सोडून जातात

चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फितीला कडेने छिद्रे असतात आणि दातेरी चाक ती छिद्रे पकडून फीत ओढते. ध्वनीसाठी वापरली जाणारी चुंबकीय फिल्मही तशीच सच्छिद्र असते. त्यामुळे चित्र आणि ध्वनी एकाच यांत्रिक दांड्याला किंवा परस्परांशी जोडलेल्या मोटारींना जखडले की दहा मिनिटांच्या रिळातही ते सरकत नाहीत. कॅसेटच्या फितीला छिद्रे नाहीत. ती कॅप्स्टन नावाची धातूची बारीक फिरती दांडी आणि रबरी पिंच रोलर यांच्या चिमटीत धरून केवळ घर्षणाने ओढली जाते. रोलरचे रबर जुने झाले, पट्टा सैल झाला, कॅसेटमधील फितीचे वेटोळे एका बाजूला जास्त भरले, खोली तापली, यांपैकी कशानेही वेग थोडा बदलतो. बहुतेक कॅसेट यंत्रांत एकदिश विद्युतप्रवाहाची मोटार असते. तिचा वेग घरातील विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारितेवर अवलंबून नसतो, म्हणून दोन यंत्रे एकाच बोर्डाला लावल्याने ती एकमेकांशी बांधली जात नाहीत.

फरक लहान दिसतो, पण तो साठत जातो. दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक इतका फरक असेल, तर चार मिनिटांच्या गाण्याच्या अखेरीस ती २४० मिलिसेकंदांनी वेगळी झालेली असतात. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्य लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे शेवटच्या समेवर तबला एका कॅसेटवर पोहोचलेला असतो, तर दुसऱ्या कॅसेटवरची गायिका अजून जवळजवळ अर्धी मात्रा मागे असते. जुन्या घरगुती यंत्रांत शेकडा अर्ध्याचा फरकही सहज आढळतो; तेव्हा हेच अंतर १.२ सेकंद होते. साधारण १०–२० मिलिसेकंदांपर्यंतचे अंतर कानाला एकच आघात वाटते. त्यापुढे आघात दुहेरी वाटू लागतो, आणि ढोलकीसारख्या तीक्ष्ण आघाताच्या वाद्यात तो आधी उघडा पडतो.

वेगासोबत स्वरही बदलतो, ही याची दुसरी बाजू सहसा विसरली जाते. २४० हर्ट्‌झचा षड्ज अर्ध्या टक्क्याने सरकला तर तो १.२ हर्ट्‌झने हलतो. एका कॅसेटवर तानपुरा आणि दुसरीवर हार्मोनियम असेल, तर सेकंदाला साधारण एक या गतीने त्यांच्या एकत्र आवाजात चढउतार ऐकू येतात. लय जुळलेली असूनही वाद्ये बेसूर वाटतात ती यामुळे.

## पद्धती

### हाताने

सर्वांत जुनी आणि फुकट पद्धत. दोन्ही कॅसेटींवर गाण्याआधी चार ठोके मुद्रित करतात, एका यंत्राला पॉजवर अचूक थांबवून ठेवतात आणि दुसऱ्याच्या ठोक्यावर ते सोडतात. पुढे वेग बदलणारी 'पिच'ची कळ फिरवत दोन्ही एकत्र धरायची. रीळ-यंत्रावर अभियंता रिळाच्या कडेला बोट लावून किंचित गती रोखू शकतो. कॅसेट बंद डबीत असल्याने ते साधत नाही. संपूर्ण गाण्यासाठी ही पद्धत भरवशाची नाही. मात्र लहान तुकड्यासाठी ती उत्तम चालते: दहा सेकंदांचे धृपद दुसऱ्या यंत्रावरून योग्य जागी सोडले, तर हजारात एक फरकाने शेवटी फक्त १० मिलिसेकंदांचे अंतर पडते, जे कुणाला ऐकू येत नाही. एकदाच गायलेले समूहाचे पालुपद गाण्यात चार ठिकाणी बसवण्यासाठी ही युक्ती वापरली जाई.

### ठेक्याचा संकेत

ड्रम मशीन आणि सीक्वेन्सर यांना 'आता कुठला ठोका' एवढेच कळावे लागते. रोलँड कंपनीच्या यंत्रांत पाच पिनांची जोडणी असे. तिच्यातून प्रत्येक पाव सुराला, म्हणजे सर्वसाधारण एका ठोक्याला, २४ स्पंद पाठवले जात. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या मानकातही हीच २४ ची संख्या आहे. असे स्पंद थेट कॅसेटवर नीट उतरत नाहीत, म्हणून ते दोन वेगवेगळ्या स्वरांच्या आळीपाळीने बदलत्या आवाजात रूपांतरित करून एका ट्रॅकवर मुद्रित करतात. ही पद्धत एफएसके या नावाने ओळखली जाते. कॅसेट वाजू लागली की ड्रम मशीन तिच्या मागोमाग चालते.

साध्या एफएसकेत ठोक्यांची गती असते, ठोक्याचा क्रमांक नसतो. गाण्याच्या मधूनच कॅसेट सुरू केली तर ड्रम मशीन पहिल्या ठोक्यापासून वाजू लागते. म्हणून प्रत्येक वेळी फीत मागे नेऊन सुरुवातीपासून चालवावी लागते. चौथ्या कडव्यातील एक चूक सुधारायला तीन कडवी ऐकावी लागतात. नंतरच्या सुधारित प्रकारांत स्थानाची माहितीही घातली गेली.

### कालसंकेत

चित्रपट व दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाणित केलेला एसएमपीटीई कालसंकेत हा दोन्ही प्रश्नांचे उत्तर देतो. त्यात प्रत्येक चौकटीसाठी तास, मिनिट, सेकंद आणि चौकटीचा क्रमांक अशी पूर्ण नोंद ८० बिटांत असते. भारतातील दूरचित्रवाणीप्रमाणे सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर सेकंदाला २,००० बिट होतात. शून्य हा १,००० हर्ट्‌झच्या आणि एक हा २,००० हर्ट्‌झच्या लहरीने दर्शवला जातो, म्हणजे संकेत साध्या आवाजाच्या पट्ट्यात बसतो आणि कॅसेटवर मुद्रित होऊ शकतो. अमेरिकी उपकरणांत बहुधा ३० चौकटींची निवड आधीच केलेली असते. दोन्ही कॅसेटींवर एकच चौकटसंख्या असणे हे नेमकी कोणती संख्या आहे यापेक्षा महत्त्वाचे.

प्रत्येक बिटाच्या सीमेवर लहर उलटत असल्याने वाचणारे यंत्र वेग स्वतःच ओळखते, आणि प्रत्येक चौकटीच्या शेवटी असलेल्या ठराविक १६ बिटांवरून फीत पुढे जाते आहे की मागे हेही कळते. एक चौकट ४० मिलिसेकंदांची, म्हणजे संगीतासाठी जाडीभरडी असली, तरी समकालक बिटांच्या पातळीवर तुलना करतो. एक बिट अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो.

काम असे चालते. मुख्य यंत्र मुक्तपणे धावते. अनुयायी यंत्राच्या कॅसेटवरील संकेत आणि मुख्य यंत्राचा संकेत समकालक नावाची तिसरी पेटी सतत ताडून पाहते. अनुयायी मागे पडला की त्याच्या मोटारीला वेग वाढवण्याची सूचना जाते, पुढे गेला की कमी करण्याची. मुख्य यंत्र पुढे गुंडाळले, तर अनुयायीही त्याच जागी गुंडाळत जातो. पकड बसायला काही सेकंद लागतात आणि त्या काळात स्वर हेलकावतो, म्हणून गाण्याच्या आधी दहा-वीस सेकंदांचा संकेत मोकळा सोडतात. संकेताची सुरुवात शून्यापासून न करता ०१:००:००:०० पासून करण्याची प्रथा आहे. शून्यापासून सुरू केल्यास फीत जरा मागे गेली की समकालकाला २३ तास ५९ मिनिटांचा आकडा दिसतो आणि तो अनुयायीला फितीच्या दुसऱ्या टोकाकडे पळवू लागतो.

संकेत संगीताआधी, संपूर्ण कॅसेटभर, अखंड मुद्रित करतात. त्यासाठी कडेचा, म्हणजे चौथा ट्रॅक निवडतात. कडेच्या ट्रॅकला एकच शेजारी असतो. ट्रॅकची रुंदी जेमतेम ०.६ मिलिमीटर असल्याने संकेताची किरकिर तिसऱ्या ट्रॅकवर झिरपते, आणि १,००० ते २,००० हर्ट्‌झ हा नेमका मानवी कान तल्लख असलेला पट्टा आहे. म्हणून तिसऱ्या ट्रॅकवर हळुवार गायन किंवा तानपुरा न ठेवता ढोलक, गिटार असे भरीव काही ठेवतात आणि संकेताची पातळी इतर ट्रॅकपेक्षा कमी राखतात. संकेताच्या ट्रॅकवर डीबीएक्स बंद असणे आवश्यक असते. डीबीएक्स आवाजाची पातळी मुद्रणाच्या वेळी दाबते आणि ऐकताना पुन्हा ताणते. या ओढाताणीत संकेताच्या लहरीच्या कडा बिघडतात. उत्तरकालीन यंत्रांत फक्त चौथ्या ट्रॅकपुरते डीबीएक्स बंद करण्याची सोय याचसाठी दिलेली असे. दुसऱ्या कॅसेटसाठी पहिलीवरील संकेताची थेट नक्कल करू नये. प्रत्येक नकलेत लहर बोथट होते, म्हणून जनित्राकडून तोच कालसंकेत नव्याने तयार करून घेतात.

साठ मिनिटांच्या कॅसेटी वापरणे आणि नव्वद मिनिटांच्या टाळणे हा नियम समकालनात अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. नव्वदच्या कॅसेटमधील फीत पातळ असते. वारंवार मागेपुढे केल्याने ती ताणली जाते, आणि ताणलेल्या जागी अनुयायी यंत्र दर वेळी डगमगते.

## ट्रॅकचा हिशेब

चार ट्रॅकची दोन यंत्रे कालसंकेताने जोडली तर आठ नव्हे, सहा ट्रॅक मिळतात. त्यासाठी दोन यंत्रे, संकेताचे जनित्र आणि समकालक एवढा खर्च होतो. शिवाय अनुयायी यंत्राच्या मोटारीला बाहेरून आज्ञा देण्याची सोय असावी लागते. घरगुती पोर्टास्टुडिओंत पिचची कळ होती, पण ती बहुधा फक्त हाताने फिरवण्यासाठी. टॅस्कॅमचे आठ ट्रॅकचे कॅसेट यंत्र '२३८' आणि 'मिडिआयझर' नावाचा समकालक ही जोडी या कामासाठी बनवलेली होती. मात्र तिचा खरेदीदार हौशी वाद्यवृंदापेक्षा छोटा व्यावसायिक स्टुडिओ होता.

याउलट, एकाच चार-ट्रॅक यंत्रावर बाउन्सिंगने याहून अधिक भाग बसतात. तीन ट्रॅक भरून त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि ते करतानाच एक वाद्य थेट त्यात वाजवायचे. मग मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकपैकी दोन भरून तिसऱ्यावर उतरवायचे, अशा क्रमाने ४+३+२+१ म्हणजे दहा भाग होतात, कोणतेही समकालन न करता. याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते आणि उंच पट्टीचे स्वर मंदावतात. त्याहून गंभीर म्हणजे, उतरवलेले मिश्रण पुन्हा सुटे होत नाही. झांज जास्त झाली हे तिसऱ्या दिवशी लक्षात आले, तर पहिल्या दिवशीचे सर्व काम पुन्हा करावे लागते. समकालनातील सहा ट्रॅक अखेरपर्यंत सुटे राहतात. कमी भाग पण सुटे, की जास्त भाग पण बांधलेले, अशी ही निवड होती, आणि बहुतेक हौशी मंडळींनी दुसरा पर्याय स्वीकारला यात नवल नाही.

मधला मार्गही होता. पहिल्या यंत्रावर वाद्यांचे चार ट्रॅक, त्यांचे स्टिरिओ मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या दोन ट्रॅकवर, आणि उरलेल्या दोनवर गायन. यात यंत्रे एकदाच एकत्र चालतात, म्हणून समकालन लागत नाही. नक्कलही एकाच पिढीची होते. कॅसेटच्या काळात समकालनाचा घरगुती पातळीवर खरोखर रुळलेला उपयोग मात्र दोन कॅसेट यंत्रांमध्ये नव्हता. तो एक कॅसेट यंत्र आणि एक सीक्वेन्सर यांच्यात होता: एक ट्रॅक संकेताला, तीन ट्रॅक माणसांनी वाजवलेल्या-गायलेल्या संगीताला, आणि सिंथेसायझर व ड्रम मशीन फितीवर न उतरता अंतिम मिश्रणाच्या वेळी प्रत्यक्ष वाजणार.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीस अलेसिस कंपनीच्या 'ॲडॅट' या अंकीय यंत्राने व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक आणि एका केबलने अशी सोळापर्यंत यंत्रे जोडण्याची सोय दिली, तीही एकही ट्रॅक खर्ची न घालता. पुढे संगणकाने ट्रॅकची टंचाईच संपवली.

## महाराष्ट्रातील संदर्भ

एका माध्यमाला दुसऱ्याशी कालदृष्ट्या जुळवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम चित्रपटाने आणला, आणि त्याचे एक आरंभीचे उदाहरण नाशिकशी संबंधित आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी अनेक मूकपट केले. त्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट तयार झाला तोवर 'आलम आरा' (१९३१) आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटांनी प्रेक्षकांची अपेक्षा बदलली होती. त्यामुळे 'सेतुबंधन'ला नंतर मुंबईत आवाज जोडून तो पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. आधी टिपलेल्या हालचालीला मागाहून ध्वनी बसवणे हे तत्त्वतः ओव्हरडबिंगच होय.

कॅसेटच्या काळात, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून, मराठी लोकसंगीत, भक्तिगीते आणि भीमगीते मोठ्या प्रमाणावर कॅसेटवर आली. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्यांची गीते सभा-संमेलनांपलीकडे घराघरांत पोहोचायला कॅसेटने हातभार लावला. पण कॅसेट वितरणाचे माध्यम म्हणून स्वस्त झाली, तशी मुद्रणाची मल्टिट्रॅक यंत्रे झाली नाहीत. १९९१ पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर चढे आयातशुल्क होते, आणि मल्टिट्रॅक स्टुडिओ प्रामुख्याने मुंबईत एकवटलेले होते. गायनपार्टीचे मुद्रण सर्वांनी एकत्र बसून, सलग करण्याची रीत म्हणूनच टिकून राहिली.

या संगीताची लयही विचारात घ्यावी लागते. पोवाडा, गोंधळ, भजन यांत लय रंगत जाताना वाढते. नाशिक ढोलाच्या वादनात ती वाढवणे हाच वादनाचा एक भाग आहे. ठेक्यावर आधारलेला संकेत अशा ठिकाणी अडचणीचा ठरतो, कारण त्यासाठी लय आधीच यंत्रात ठरवून ठेवावी लागते आणि वादकांनी यंत्रामागे जावे लागते. कालसंकेत लयीशी बांधलेला नसतो. तो फक्त घड्याळ सांगतो. त्यामुळे ढोल-ताशा मोकळ्या जागेत एका कॅसेटवर घेऊन, गायन व सनई शांत खोलीत दुसऱ्या कॅसेटवर घ्यायची असतील, तर कालसंकेत हीच योग्य पद्धत ठरते. मोठ्या ढोलाच्या ठोक्यांवर डीबीएक्स फितीची खरखर प्रत्येक ठोक्यासोबत वरखाली करते, हा वेगळा त्रास उरतोच.

ठेक्याच्या समकालनाचे मुंबईतील उदाहरण मात्र जगभर नावाजले गेले आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग (निधन २०१५) यांनी रोलँडचे 'टीआर-८०८' ड्रम मशीन, 'टीबी-३०३' हे बास वाजवणारे यंत्र आणि 'ज्युपिटर-८' सिंथेसायझर एकमेकांशी जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ च्या सुमारास काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा प्रकाशित झाल्यावर तिची तुलना नंतर शिकागोत उगवलेल्या ॲसिड हाउस संगीताशी होऊ लागली. तीन यंत्रे एका स्पंदाला बांधली की लय अजिबात हलत नाही. त्या स्थिर लयीवर रागाचे चलन हाताने वाजवलेले ऐकू येते, आणि या ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण बरेचसे त्यातच आहे.

## जुन्या कॅसेटींचे अंकीकरण

चार ट्रॅकच्या कॅसेटी आता संगणकावर उतरवल्या जात असताना समकालनाचा प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. मूळ यंत्र मोडलेले असल्याने अशी कॅसेट साध्या स्टिरिओ डेकवर लावली, तर एका बाजूने दोन ट्रॅक अर्ध्या वेगाने आणि एक सप्तक खाली ऐकू येतात. कॅसेट उलटल्यावर उरलेले दोन उलट्या दिशेने वाजतात. दोन्ही बाजू उतरवून, संगणकावर वेग दुप्पट करून आणि एक जोडी उलटवून चार ट्रॅक मिळवता येतात. पण हे दोन वेगळ्या फेऱ्यांत वाचलेले असतात आणि दोन फेऱ्यांत डेकचा वेग सारखा नसतो. एकाच फितीवर जन्मतः बांधलेले ट्रॅक अशा रीतीने सुटे होतात आणि गाण्याच्या अखेरीस एकमेकांना सोडून जातात. शिवाय डीबीएक्स उलगडणारे उपकरण नसेल, तर आवाज दाबलेला आणि कर्कश राहतो.

म्हणून चारही ट्रॅक एकाच फेरीत वाचणारे, त्याच वेगाचे आणि त्याच खरखर-निवारण पद्धतीचे यंत्र मिळवणे श्रेयस्कर मानले जाते. संकेताचा ट्रॅक 'नुसता आवाज' समजून वगळू नये. तोही संगीताइतक्याच काळजीने उतरवावा. दोन कॅसेटींवर विभागलेले गाणे पुन्हा एकत्र आणण्याचा तो सर्वांत खात्रीचा दुवा असतो. त्यातील वेळ वाचून संगणकावर एका कॅसेटचे ट्रॅक दुसरीच्या मापाने ताणता येतात. संकेत नसल्यास सुरुवातीचे चार ठोके आणि शेवटचा आघात यांच्यातील अंतर दोन्हीकडे मोजून सरासरी वेग जुळवतात, आणि मधल्या प्रत्येक कडव्याच्या समेवर तपासणी करतात. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये हेडफोनमधून झिरपलेला तबल्याचा अंधुक आवाज, जो मुद्रणाच्या वेळी दोष मानला गेला असेल, या कामात नेमकी खूण म्हणून उपयोगी पडतो.

पावसाळी दमटपणात ठेवलेल्या कॅसेटींच्या फितीवर बुरशी धरते आणि आतील फेल्टची दाबपट्टी निखळते. अशी कॅसेट वाजवण्यापूर्वी फीत दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या डबीत हलवतात आणि हेड व कॅप्स्टन दर कॅसेटनंतर स्वच्छ करतात. उतरवण्याआधी हेडचा कोन कॅसेटवरील उंच पट्टीच्या आवाजावरून जुळवून घ्यावा लागतो. संगीत ज्या यंत्रावर मुद्रित झाले त्याचा कोन आणि आताच्या यंत्राचा कोन वेगळा असला, तर ट्रॅकमध्ये सूक्ष्म कालांतर पडते आणि संकेत वाचतानाही त्रुटी येतात.